मानलेलं, मोजलेलं

३ मार्च

ती. ताईस नमस्कार.

माझ्या हातचं काय काय आहे ते लिहून पाठव, तुमच्या पंथाच्या दालन समितीला दाखवायचं आहे, असं लिहिलंस. घे तर.

संग्रहालयाच्या तळमजल्यावरचा समुद्राचा तळ माझा, खेकड्यांच्या डोळ्यांसकट. पहिल्या मजल्यावरचं नेच्यांचं जंगल माझं. त्यातलं प्रत्येक पान मेणाचं आणि प्रत्येकाचा साचा वेगळा, कारण झाडावर दोन पानं सारखी नसतात आणि ज्याला हे दिसत नाही त्याने पानं करायला बसू नये. जिन्यातला देवमाशाचा जबडा माझा. खरा तळघरात आहे; पण बाहेरून आलेले विद्वान माझ्याच जबड्यावर हात फिरवून "काय हाड आहे!" म्हणतात आणि मी शेजारी उभा राहून ऐकतो. घरटी दोन, अंड्यांसह. हत्तीच्या पूर्वजाच्या दाढा तीन, त्यातली एक किडलेली, मुद्दाम.

आणि दुसऱ्या मजल्यावरची तळ्याची भिंत. तिचं नीट सांगतो, कारण समितीला ते कळणार नाही. रस्त्यासाठी टेकडी कापली तेव्हा आटलेल्या तळ्याचा गाळ उभा उघडा पडला. मी ती कड थापीने सपाट केली, तिच्यावर पातळ लाख मारली, कापड चिकटवलं, पुन्हा लाख, वाळू दिलं आणि एका अंगाने सोलून काढलं. कापडाला नखाएवढ्या जाडीचा खरा गाळ चिकटून येतो, रेघेला रेघ. चौदा फूट उंच, एकसंध. पाणी भरपूर असायचं त्या दिवसांत फिकट रेघ, पाणी थांबलं की काळी. एक जोडी म्हणजे एक वर्ष. मी सुई आणि भिंग घेऊन त्या जोड्या मोजल्या आहेत. आठ हजार चारशे एकोणीस.

शिक्षण विचारतील. तुझ्या बाबांनी मला आठवीपर्यंत शिकवलं. पुढचं मला कुणी शिकवलेलं नाही, त्यामुळे कुणाचं नाव सांगायची वेळ येत नाही.

खडी कशी आहे? तुझ्या मागच्या तीन पत्रांत पोरीचा उल्लेख नाही.

तुझा भाऊ

१४ मार्च

चि. चिखल्यास आशीर्वाद.

पन्नाशीला आलास तरी चिखल्याच म्हणणार. लहानपणी माझ्या दप्तरात चिखलाचा बैल वाळत ठेवला होतास, ते मी विसरलेले नाही.

तुझी यादी समितीत वाचली. चिटणीस म्हणाले, "हे गृहस्थ काम मागताहेत की आपल्यावर उपकार करताहेत?" ह्यांना हसू आलं. हे हसले की मला बरं वाटतं. हल्ली फार थोडं हसतात.

आता काम सांगते. सभागृहाच्या मागे उत्पत्तीचं दालन होतंय. ग्रंथात सांगितल्याप्रमाणे सहा दिवसांत जग कसं झालं, ते क्रमाने. सात हजार वर्षांपूर्वी पहिला दिवस, हे तुला माहीत आहेच. बाबांच्या मांडीवर बसून तूही पाठ केलं होतंस. पण आमची तरुण मुलं शाळेतून वेगळं ऐकून येतात आणि सभेला यायची थांबतात. हे गादीवर बसल्यापासून ह्यांच्या डोळ्यांसमोर रांगा रिकाम्या झाल्या. तेव्हा ह्यांनी स्वतः काढलं, की नुसती चित्रं नकोत, खरी मातीही दाखवू. तुझी तळ्याची भिंत ह्यांनी संग्रहालयात जाऊन पाहिली आहे. मला न सांगता गेले होते. तसलीच एक आम्हाला हवी. पाटीवर काय लिहायचं ते आपण बोलून ठरवू. हे पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. "दिवस म्हणजे आपला दिवस असं तरी कुठे लिहिलंय," असं परवा जेवताना म्हणाले.

हल्ली टपाल चिटणिसांच्या टेबलावरून येतं-जातं, तेव्हा अक्षर नीट काढत जा.

खडी बरी आहे म्हणे.

तुझी ताई

२२ मार्च

ती. ताईस नमस्कार.

माझं अक्षर चिटणिसांना लागत नसेल तर त्यांनी चष्मा घ्यावा.

"खडी बरी आहे म्हणे." आई लेकीबद्दल "म्हणे" केव्हापासून म्हणायला लागली? उत्तर देऊ नकोस, मला मिळालं आहे. परवा दुपारी ती स्वतःच माझ्या कारखान्यात आली. भूगर्भ सर्वेक्षणाच्या कामाने इकडे आली होती. बुटांना गाळ, पाठीवर पिशवी, गालफडं बसलेली. मी म्हटलं, "काय गं, पगार मिळतो की दगडच देतात?"

"दगड वेळेवर मिळतात, मामा."

"घरी गेली होतीस?"

"फाटकापर्यंत."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पंथातलं प्रत्येक मूल एकविसाव्या वर्षी सभेत उभं राहून जगाचं वय म्हणतं. ही बसून राहिली. बापाने तीनदा नाव पुकारलं, ही खाली बघत बसली. तेव्हापासून तिला दार बंद, तिच्याशी बोलायचं नाही, तिचं पत्र फोडायचं नाही. तिने तुला लिहिलेली पत्रं जशीच्या तशी परत आली, ती तिने मला दाखवली आणि इथेच ठेवून गेली. आणि तू मला तीन वर्षं लिहितेस की पोरगी नोकरीसाठी लांब असते! मी म्हणतो, ताई, भाऊजी ते भाऊजी; पण तू?

जाताना म्हणाली, "आईला सांग, मी रागावलेली नाही." सांगितलं.

काम मी घेतो. ऐक, का घेतो ते. ज्या सभेत तिचं नाव पुकारलं, तिच्या मागच्याच दालनात माझी भिंत उभी राहील. ज्याला डोळे आहेत तो रेघा मोजेल. सात हजारांवर थांबायचं कुठे, ते ज्याचं त्याने बघावं. त्याच कडेवर अजून जागा शिल्लक आहे. पावसाच्या आधी सोलून आणतो.

पाटी मी लिहिणार. ही अशी: "हा तळ्याचा गाळ आहे. एक फिकट आणि एक काळी रेघ म्हणजे एक वर्ष. जोड्या ८,४१९." नव्या भिंतीच्या जोड्या पुन्हा मोजून आकडा बदलेन. बाकी एक अक्षर नको.

तुझा भाऊ

९ एप्रिल

चि. चिखल्यास आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. सगळ्यांनाच पोचलं, असं समज.

मी त्यातलं काही बोलत नाही. कामाचं बोलते. चिटणिसांचं म्हणणं पडलं की दालनाची उंची अकरा फूट आहे, तेव्हा भिंत वरून तीन फूट कापावी. हे म्हणाले, "छत वर घ्या. त्याच्या भिंतीला करवत लावायची नाही." सुताराला बोलावून त्याच दिवशी छताचं काम सुरू केलं. हे तुला कळावं म्हणून लिहिलं.

पाटीचं असं ठरलं आहे: "हा तळ्याचा गाळ आहे. एक फिकट आणि एक काळी रेघ म्हणजे एक वर्ष, असं अभ्यासक मानतात." आणि पुढे तुझा आकडा, तू म्हणशील तो. त्याला कुणी हात लावणार नाही. फक्त "मानतात" हा शब्द राहू दे.

तो शब्द ह्यांच्या तोंडून निघायला फार दिवस गेले रे. त्या दिवशी हे समितीला म्हणाले, की असंही मानणारी माणसं आहेत आणि ती आपल्या भिंतीवर मावतात, तर आपल्या घरात का मावू नयेत. उद्घाटनाच्या सभेत हेच बोलणार आहेत. समजून घे. शब्दावर अडू नकोस, मी मागते म्हणून.

वरची खोली झाडून घेतली आहे. खिडकीला नवा पडदा शिवला. पलंगाचा पाय मोडला होता तो सुताराकडून बसवून घेतला. इतकी वर्षं बंद होती ना, दार उघडताना करकरलं.

तुझी ताई

१५ एप्रिल

ती. ताईस नमस्कार.

माझ्यासाठी खोली झाडायची गरज नव्हती. मी कामाच्या जागीच झोपतो. लाख ओली असताना भिंतीला एकटं सोडता येत नाही. पडदा काढून ठेव, उन्हाने विटेल.

छत वर घेतलं हे बरं केलं. करवत लावली असती तर मी दारातूनच परत फिरलो असतो.

आता पाटी. तुमचं घोडं जिथे अडलं तिथेच माझंही अडलं. "मानतात" मी लिहिणार नाही आणि माझ्या भिंतीवर लावू देणार नाही. मानणं म्हणजे काय? ज्याच्याकडे माप नाही तो मानतो. ज्याला खात्री नाही तो मानतो. ज्याचं खरं आहे तो सांगतो. मी सुई हातात धरून, डोळे फोडून, जोडीला जोडी मोजली. मी मानलेलं नाही, मोजलेलं आहे. उद्या तुम्ही चौदा फुटांची भिंत "चौदा फूट आहे असं सुतार मानतात" अशी लिहाल! मानलेल्याला आधार लागतो म्हणून सभा लागते, उभं राहून म्हणावं लागतं. मोजलेल्याला बसून राहिलं तरी चालतं. पोरीने तेच केलं.

हा शब्द पळपुटा आहे. भाऊजींना एका हाताने भिंत दाखवायची आहे आणि दुसऱ्या हाताने झाकायची आहे. समितीने रकमेचा आकडा कळवला, तो चांगला आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण मी आयुष्यात एकही खोटं पान केलेलं नाही, खोटी पाटी कशी लावू?

तुला मागून घ्यायचं होतं तर काहीही मागायचंस. हे नको.

तुझा भाऊ

२ मे

चिखल्या,

हे पत्र सुतार स्वतः नेऊन टाकणार आहे, चिटणिसांच्या टेबलावरून जाणार नाही, म्हणून एकदाच उघड लिहिते.

खोली तुझ्यासाठी नव्हती रे. किती शहाणा तू आणि किती ठोंब्या! खोली तिची आहे. पडदा तिच्यासाठी शिवला. ज्या दिवशी ती पाटी लागेल त्या दिवशी हे सभेत सांगणार, की असं मानणाऱ्यांना दार उघडं आहे. मग ती घरी येईल. तिला उभं राहायला लागणार नाही, काही म्हणायला लागणार नाही. ह्यांना सरळ "ये" म्हणता येत नाही. तीनदा नाव पुकारलं होतं सगळ्यांसमोर; आता नुसतं "ये" म्हटलं तर उरलेली सभा विचारेल, आमची पोरं बाहेर आणि तुमची आत कशी? तिला यायला एक फट हवी होती. ती मी शोधली. एका शब्दाएवढी फट. ह्यांनी त्या शब्दासाठी समितीतली दोन जुनी माणसं गमावली. आणि तू लिहितोस, पळपुटा शब्द.

मोजलेलं खरं आणि मानलेलं खोटं, असं ना? मग ऐक. तुझे वडील आमच्याकडे गाडी चालवायचे. ते गेले तेव्हा तू सहा वर्षांचा होतास आणि बाबा तुला घरी घेऊन आले. रक्त मोजलं तर तू माझा कुणी नाहीस. मी तुला भाऊ मानलं. मानलेली बहीण आहे मी तुझी, चाळीसहून जास्त वर्षं. खडीचा तू मामा आहेस तोही मानलेला. त्याला आधार नाही? त्यात मला खात्री नव्हती? तुझ्या तापात उशाशी बसले तेव्हा काय मोजत बसले होते मी?

समिती बारा तारखेला बसते. पाटीवर हो म्हण. पोस्टकार्डावर "हो" एवढं लिहिलंस तरी पुरे.

ताई

८ मे

ती. भाऊजींना नमस्कार.

मी हे ताईला न लिहिता तुम्हाला लिहितो, कारण मजकूर दोन पुरुषांमधला आणि दोन पाट्यांमधला आहे. मुलीचं मला कळलं आहे. तुम्ही वाट काढलीत, ते मी कमी लेखत नाही.

मला "मानतात" हा शब्द मान्य आहे.

फक्त मोजपट्टी एकच असावी. मी कारागीर आहे, दोन वेगवेगळ्या पट्ट्यांनी काम करत नाही. माझ्या भिंतीवर "अभ्यासक असं मानतात" लावा. आणि दालनाच्या दारावर जिथे तुम्ही "जग सात हजार वर्षांपूर्वी निर्माण झालं" लिहिणार आहात, तिथे लावा: "जग सात हजार वर्षांपूर्वी निर्माण झालं, असं आमचा पंथ मानतो." दोन्हीकडे तोच शब्द, त्याच मापाचं अक्षर, त्याच उंचीवर. दोन्हीकडची अक्षरं मी स्वतः कापून देईन, पितळेची, मोबदला न घेता. मग मुलगी मानणाऱ्यांत येते आणि तुम्हीही येता, आणि कुणी कुणाला आत घ्यायचा प्रश्न राहत नाही.

याहून न्याय्य मला काही सुचत नाही. ताईला माझा नमस्कार सांगा.

आपला

२० मे

तुम्हांस नमस्कार.

तुमचं पत्र समितीपुढे ठेवलं नाही. मी एकट्याने वाचलं.

तुमचं तर्कात बरोबर आहे. मी तर्काच्या गादीवर बसलेलो नाही. माझ्याकडे लोक रेघा मोजायला येत नाहीत. गेल्या आठवड्यात एक बाई चार दिवसांचं मेलेलं मूल घेऊन आली आणि म्हणाली, सांगा, याला कुणी घडवलं होतं का? तिला मी काय सांगू, "असं आम्ही मानतो"? तुमच्या भिंतीला तो शब्द लावल्याने भिंत पडत नाही. ग्रंथाला लावला तर ती बाई पडते. म्हणून एका ठिकाणी तो शब्द राहील आणि दुसऱ्या ठिकाणी राहणार नाही.

मी संग्रहालयात तुमच्या भिंतीसमोर बराच वेळ उभा होतो. मला मोजायचा मोह झाला. दोनशेच्या पुढे गेलो आणि थांबलो. का थांबलो ते तुम्हाला सांगणार नाही. मुलीला कधीतरी सांगेन, अशी आशा होती.

मी जितकं चालू शकत होतो तितकं चाललो. राहिलेलं अंतर थोडं आहे आणि ते तुमच्या बाजूचं आहे. समितीच्या शेवटच्या अटी वेगळ्या कागदावर माझ्या सहीने पाठवतो. त्यात मुलीचं कलमही लेखी आहे, म्हणजे तुम्हाला मोजून घेता येईल. महिनाअखेरपर्यंत कळवा.

तिची आई हल्ली जेवताना दाराकडे तोंड करून बसते.

आपला

६ नोव्हेंबर

प्रिय मामा,

तुझं उत्पत्तीचं दालन, म्हणजे त्यांचं, उघडलं. मी जाऊन आले. तिकीट काढून गेले, कारण तिकीट काढणाऱ्याला कुणी नाव विचारत नाही.

तुझ्या भिंतीच्या जागी नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या कंत्राटदाराने थर्माकोलचा डोंगर केलाय. त्याचे थर पिवळे, तांबडे आणि एक चक्क जांभळा. छत मात्र उगाच उंच आहे, डोंगराच्या डोक्यावर रिकामं. मला हसू आलं, मग आलं नाही.

आई तिथे लोकांना दालन दाखवते. मला माहीत नव्हतं. हातात काठी, पुढे शाळेची मुलं. मी मागे जाऊन उभी राहिले. तिने मला पाहिलं. पाहिलं, मामा, माझी खात्री आहे, कारण वाक्य मधेच सोडून तिने एका मुलाची कॉलर सरळ केली. मग दारावरच्या पाटीवर काठी ठेवून मुलांना विचारलं, "किती वर्षं?" मुलं ओरडली, "सात हजार!" आणि मीही म्हटलं. त्या दिवशी सभेत जे म्हटलं नाही ते तिकीट काढून म्हटलं. मला वाटलं, आता काठी खाली ठेवेल.

आई म्हणाली, "मागच्या बाई, जरा मोठ्याने."

मी मोठ्याने म्हटलं. मग ती मुलांना घेऊन पुढे गेली आणि मी बाहेर आले.

फाटकाशी सुतारकाका भेटले. म्हणाले, "तुझ्या मामाने एका शब्दापायी काम सोडलं." कुठला शब्द, तेही सांगितलं. मी दोन दिवस हसत-रडत काढले. अरे मामा, आम्ही अहवालात दुसरं लिहितो काय? तुझ्या कडेवरच्या रेघा मीही मोजल्या आहेत, खात्याच्या कामासाठी. मला आठ हजार दोनशे सत्तर मिळाल्या. माझ्या जोडीदाराला आठ हजार पाचशेवर. काही वर्षी वादळाने दोन जोड्या बसतात, काही वर्षी एकही बसत नाही. आम्ही "सुमारे" लिहिलं, पुढे-मागे दोनशे धरले आणि सही केली. आणि मुळात एक जोडी म्हणजे एक वर्ष, हे आम्ही मानतो. चांगल्या कारणांनी मानतो, तपासत तपासत मानतो, पण मानतोच. गणिताची पहिली ओळ काय असते? "क्ष मानू." तिथून पुढे मोजणं सुरू होतं.

तू म्हणशील, म्हणून काय सात हजार खरे? नाहीत. आमच्या पुढच्या-मागच्या दोनशेत ते बसत नाहीत. पण बाबांना एकच आकडा हवा होता आणि तुलाही एकच आकडा हवा होता. तुम्ही दोघांनी एकाच शाळेत शिकल्यासारखं केलंत.

सुतारकाका अजून एक म्हणाले, की त्या कामात माझंही काहीतरी ठरलं होतं. पुढे बोलले नाहीत, रंधा घेऊन निघून गेले. आईला विचारायची सोय नाही. तू सांग. तू नक्की कशाला नाही म्हणालास?

खडी

१९ नोव्हेंबर

चि. खडीस आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. मोजणी मी पुन्हा केली. आठ हजार चारशे एकोणीसच येतात. वादळाच्या जोड्या मला ओळखता येतात. त्यांचा तळ खरखरीत असतो आणि मी त्या धरलेल्याच नाहीत. तुझ्या जोडीदाराला भिंग बदलायला सांग. "क्ष मानू" मला ठाऊक आहे. आठवीपर्यंत बीजगणित होतं. पण क्ष मानणारा शेवटी क्षची किंमत काढतो, "मानतात" वर उत्तरपत्रिका संपवून घंटा वाजायची वाट बघत नाही.

तुझ्या बाबांची आणि माझी शाळा एक नव्हती. त्यांना गादी वारशात मिळाली. माझ्याकडे जे आहे ते मी केलेलं आहे, आणि करणाऱ्या माणसाकडे दुसरं काही नसतं. म्हणून त्याच्या कामावरचं एक अक्षरही त्याचंच असावं लागतं. हे तुला पटावं असा आग्रह नाही. तू शिकलेली आहेस, तुझ्या नावापुढे पदवी आहे, तुला पुढे-मागे दोनशे सोडायला परवडतात.

त्या पाटीच्या जागी मी काय सुचवलं होतं ते भाऊजींना विचार, ते तुझ्याशी बोलू लागले तर. दोन्हीकडे एकच शब्द. एवढंच मागितलं होतं. आजही मी ते चूक म्हणणार नाही.

तुझ्या आईला मी जून महिन्यापासून चार पत्रं लिहिली. चारही न फोडता परत आली. पाकिटावर परत पाठवल्याचं अक्षर चिटणिसांचं नाही, तिचंच आहे. तेव्हा तुझी परत आलेली पत्रं आणि माझी आता एकाच डब्यात ठेवली आहेत, जागा वाचते. ती माझी मानलेली बहीण. मानलेलं मोडायला कचेरीत जावं लागत नाही, हे मला नव्याने कळलं.

तू मला "मामा" लिहू नयेस असं तुला वाटलं तर तसं कर. मी विचारणार नाही.

आता तू विचारलंस ते. इतर कुणाकडून अर्धंमुर्धं कळण्यापेक्षा मी पूर्ण सांगतो. कागद समोर ठेवून लिहितो आहे, त्यावर भाऊजींची सही आहे. भिंत चौदा फूट, न कापता. आकडा माझा, जो मी म्हणेन तो. ग्रंथाची पाटी माझ्या भिंतीसमोर नाही, दाराबाहेर. माझ्या पाटीचा शेवटचा शब्द "मानतात". भिंत उभी राहील त्या दिवसापासून तुला घर उघडं. सभेत उभं राहायचं नाही, कुठलाही आकडा म्हणायचा नाही, आईने तुझ्याशी बोलावं, तू आईच्या ताटाशेजारी बसावंस, कायमचं. कामाचे आधी सहा लाख द्यायचे ठरले होते, ते वाढवले होते. कागद माझ्याकडे नऊ दिवस होता. महिनाअखेरीस मी उत्तर पाठवलं, ते एका शब्दाचं होतं, नको.

रक्कम साडेनऊ लाख.